ठोक्याला ठोका

या, असे जवळ सरका. मागे टेकून बसलेल्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट कानांची आहे. देवानं माणसाला तोंड एक दिलं आणि कान दोन, तरी बहुतेकांचं ते एकच तोंड दिवसभर राबतं आणि दोन्ही कान कायमचे रजेवर. आपल्या गोष्टीतले मामा तसे नव्हते. त्यांचं तोंडही चाले आणि कानही, आणि दोन्ही एकदम चालले की घरच्यांना पळता भुई थोडी होई. अशा मामांनी एकदा गप्प बसायचा शब्द दिला. त्या शब्दाचं खाणीच्या पोटात काय झालं ते सांगतो. हसू आलं तर हसा, पण मध्येच उठू नका.

मामा सगळ्या गावाचे मामा, पण सख्खे एकाच मुलीचे. बहिणीच्या माघारी तिला त्यांनी आणि मामींनीच वाढवलं. बत्तीस वर्षं मामा जमिनीखाली होते. माणसांना वर-खाली नेणारा लोखंडी पाळणा असतो ना, त्याच्या तळाशी उभं राहून घंटेची दोरी ओढायची, हे त्यांचं काम. एक टोला म्हणजे थांब. तीन टोले म्हणजे आत माणसं आहेत, जपून वर घे. वरचा इंजिनवाला आणि खालचे मामा बत्तीस वर्षं एवढंच बोलले आणि एकदाही भांडले नाहीत. मामी म्हणायच्या, आपणही लग्नात घंटाच मागून घ्यायला हवी होती.

पुढे खाणीतला माल संपला, खाण बंद पडली, आणि काही वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की ही लोकांना दाखवावी. कठडे आले, दिवे आले, तिकिटाची खिडकी आली, आणि फाटकावर पाटी लागली: ऐतिहासिक खाण. मामांना तो शब्द फार लागला. आपण जिथं बसून डबा खाल्ला ती जागा ऐतिहासिक, मग आपण कोण? पण भाचीला तिथंच गाइडची नोकरी लागली आणि मामांचा राग विरघळला. लोक सकाळी बसनं येत, आधी वरची इंजिनखोली बघत, मग टोप्या घालून दोन तास खाली, मग वर येऊन जेवण आणि दुपारी जुन्या हत्यारांचं दालन. भाची दाखवी आणि लोक माना डोलवत.

नुसत्या माना डोलवून मामांचं समाधान कसं व्हावं? बोगद्याच्या शेवटच्या टोकाला फळ्यांच्या भिंतीमागे एक खोबण होती, जुन्या कामगारांची डबा खायची जागा. मामा सकाळी वायरमनबरोबर खाली उतरत आणि चहाचा थर्मास घेऊन तिथं दडत. भाची लोकांना त्या टोकाशी आणी, एक मिनिट सगळे दिवे मालवी आणि हलक्या आवाजात सांगे की खाणीतला एक थोरला कामगार अजून वर आलेला नाही, कधी कधी तो ठोकतो. की फळ्यांमागून मामा हवेच्या जुन्या पाइपवर पाना आपटत. ठक्. ठक्. भल्याभल्यांची बोबडी वळे. वर आल्यावर हेच लोक म्हणत, वा, काय खाण आहे, आणि दुसऱ्यांना पाठवत.

तीन वर्षं हे नाटक रंगलं. मग एके दिवशी मिशीला पीळ दिलेले एक भारदस्त गृहस्थ आले. ठक् झालं तसे ते अंधारात उडी मारून शेजारच्या बाईंच्या गळ्यात पडले. दिवे लागले तेव्हा त्या बाई त्यांच्या नव्हत्या. ज्या त्यांच्या होत्या, त्यांनी वर आल्या आल्या चार पानी तक्रार लिहिली.

झालं. नव्या व्यवस्थापकबाई कडक होत्या. त्यांनी भाचीला बोलावून सांगितलं की यापुढे भुतंखेतं बंद, जे खरं तेच सांगायचं. मुख्य कचेरीतून एक साहेब येणार आहेत. लोकांच्या कानात घालायचं बोलणारं यंत्र आणायचं आणि गाइड काढून टाकायचे, असा विचार चालू आहे. साहेब तुझ्याबरोबर फिरतील आणि त्यांच्या अहवालावर ठरेल की तू की यंत्र.

भाची घरी आली ती थेट मामांसमोर येऊन बसली. मामींना साक्षीला बोलावलं आणि मामांकडून तीन वेळा वदवून घेतलं: मी ठोकणार नाही. तिसऱ्यांदा म्हणताना मामांनी खोकून घेतलं, तर मामींनी तेही परत म्हणायला लावलं.

आता मामांचं डोकं कसं चालायचं बघा. साहेब यायच्या दिवशी सकाळी ते फिरायला जातो म्हणून निघाले आणि वायरमनबरोबर गुपचूप खाली उतरून खोबणीत जाऊन बसले. ठोकणार नाही असा शब्द दिला होता. ऐकणार नाही असं कुठं म्हटलं होतं? पोरीची परीक्षा आणि आपण बागेत बाकावर बसून चिमण्या मोजायच्या? पाना मात्र त्यांनी मुद्दाम लांब, थर्मासच्या पलीकडे ठेवला. स्वतःच्या हाताची त्यांना खात्री नव्हती.

साडेदहाला पावलं ऐकू आली. मामांना फळ्यांआडून दिसत काही नसे, पण बत्तीस वर्षं अंधारात काढलेला माणूस बुटांवरून जन्मपत्रिका सांगतो. दोन जोड्या लगबगीच्या, एकमेकींना मागे टाकणाऱ्या: या बहिणी, दोघी साठीच्या पुढच्या, जन्मभर एकमेकींशी स्पर्धा केलेल्या. एक जोडी जड आणि एक हलकी, दोन्ही फार जवळजवळ: नवं जोडपं. एक पाय जपून टाकणारा, मध्येच थांबणारा: वहीत टिपून घेणारे मास्तर. एक सपाता फटफटवणारा, याला जेवणाची घाई. आणि एक बूट नवे कोरे, प्रत्येक पावलाला करकर करणारे. साहेब. मामांनी तिथल्या तिथं त्यांचं बारसं केलं: करकऱ्या.

भाची बोलत होती, अगदी शहाण्यासारखी. बोगद्याची लांबी, खोली, साल. सगळं खरं आणि सगळं कोरडं. मामा आतल्या आत तळमळत होते. ती म्हणाली, छताला लाकडाचे टेकू असत कारण लाकूड स्वस्त होतं. अगं पोरी, मामा मनात म्हणाले, लाकूड मोडण्याआधी करकरतं, कामगाराला सांगतं की बाबा पळ. लोखंड न सांगता मोडतं. हे सांग ना. पण शब्द तो शब्द. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

मग ती लांबच्या एका वळणाकडे हात करून म्हणाली असावी की तिकडं दारूची कोठडी आहे. सपातावाल्यानं उत्साहानं विचारलं की आहे का अजून शिल्लक. तिनं सांगितलं की सुरुंगाची दारू, म्हणून तर इतकी दूर आणि दोन वळणं घेऊन बांधली. तिथं जायची परवानगी नाही. सपातावाला खट्टू झाला. पावलं पुढं आली.

आता इथं नीट लक्ष द्या. पावलं पुढं आली, पण मामांच्या कानाला काहीतरी खटकलं. जेवणात मीठ नसलं की पहिल्या घासाला कळत नाही, दुसऱ्याला कळतं, तसं. लगबगीच्या दोन जोड्या आल्या, जोडपं आलं, मास्तर आले, सपाता आल्या. करकर कुठं गेली? मामांना वाटलं, साहेब उभं राहून काहीतरी लिहीत असतील.

भाची फळ्यांजवळ येऊन थांबली. प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायची, ही तिची रोजची सवय. पण आज तिच्या डोक्यात साल, लांबी, खोली आणि व्यवस्थापकबाईंची तंबी यांची इतकी गर्दी की मोजायचं राहून गेलं. थोरल्या बहिणीनं विचारलं की ते ठोके कधी ऐकू येणार, त्यांची नणंद गेल्या वर्षी येऊन गेली आणि वर्षभर तेच सांगत होती. भाची म्हणाली, तसं काही नसतं, ती नुसती जुनी गोष्ट. धाकटी लगेच म्हणाली की मी म्हटलंच होतं, नणंद थापा मारते. भाचीनं खरा अंधार म्हणजे काय ते दाखवायला दिवे मालवले.

आणि पाइप वाजला.

ठक्. ठकठक्. ठक्. मग नुसतीच आदळआपट, ना ताल ना मोजमाप.

नव्या नवऱ्यानं नवरीचा हात इतक्या जोरात धरला की तिच्या बांगड्या वाजल्या. दोघी बहिणींनी आनंदानं टाळ्या पिटल्या. आणि भाचीच्या अंगाची लाही झाली, हे मामांना तिच्या श्वासावरूनच कळलं. तिला वाटलं, मामांनी शब्द मोडला! ती घसा खाकरून मोठमोठ्यानं बोलायला लागली. हवेचा दाब काय, पाण्याचा निचरा काय, सालं, आकडे, जे तोंडाला येईल ते. ठोके बुडवायचे, एवढाच हेतू. खाणीतल्या माणसाच्या घरी वाढलेली पोर, आणि ठोका ऐकून वर बडबड करतेय. एरवी तिनं असं कधीच केलं नसतं. पण मामांनीच तीन वर्षं खोटे ठोके देऊन तिचे कान बिघडवले होते.

मामांचे हात मात्र गुडघ्यांवर होते. पाना थर्मासच्या पलीकडे जागचा हलला नव्हता. साऱ्या खाणीत एकट्या त्यांनाच पक्कं ठाऊक होतं की आज मामा ठोकत नाहीत.

मग ठोकतंय कोण? करकर नाही, आणि दारूच्या कोठडीचं लोखंडी दार आपल्या वजनानं मिटतं आणि बाहेरची खिटी आपोआप पडते, हे त्यांना पाठ होतं. साहेबांना मनाई केलेली जागा बघायची हौस आली आणि दार मिटलं. दार जाड, वळणं दोन, ओरडून काही उपयोग नाही. हवेचा पाइप तेवढा कोठडीतून निघून थेट या खोबणीत येतो.

मामांचा जीव कात्रीत सापडला. खाणीचा कायदा असा की अडकलेल्यानं कसंही ठोकावं आणि ज्याच्या कानावर पडेल त्यानं दोन ठोके परत द्यावेत. ऐकलं, येतो. भजनासारखंच, एकानं ओळ सोडावी, दुसऱ्यानं ती झेलावी. झेलणारा नसला तर गाणाराही वेडा ठरतो. पण ठोका दिला की पोरीला दिलेला शब्द मोडला, आणि स्वतः बाहेर आले तर तिची नोकरीच गेली. साहेब बाहेर निघाले की पहिलं हेच विचारणार, हा म्हातारा इथं कशाला? देवा, मामा म्हणाले, अडचणीच द्यायच्या तर एकेक दे.

पाइप पुन्हा वाजला. या वेळी हलका. थकलेला.

मामांनी पाना उचलला आणि दोन ठोके दिले.

पलीकडची आदळआपट एकदम थांबली. मग तिकडून दोन ठोके आले, अगदी मोजून, शहाण्या विद्यार्थ्यासारखे. मामांनी दोन दिले. तिकडून दोन आले. मामांना अंधारात हसू फुटलं: शिकला की करकऱ्या. इकडं थोरल्या बाई म्हणाल्या की अगं बाई, दोघं आहेत. भाचीनं दात-ओठ खात दिवे लावले.

त्याच क्षणी मामांनी फळी सरकवली आणि बाहेर आले. टोपीवर कोळ्याचं जाळं, एका हातात पाना, दुसऱ्या हातात थर्मास. नवा नवरा नवरीच्या पाठीमागे गेला. मास्तरांच्या हातून वही पडली. सपातावाला मागच्या मागे जाऊन भिंतीला चिकटला. थोरली बहीण तेवढी पुढं होऊन मामांना खालून वर न्याहाळू लागली आणि धाकटीला म्हणाली की नणंद खरं सांगत होती, कबूल कर.

भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती हळूच म्हणाली, "मामा, तीन वेळा म्हणालात. मामींसमोर म्हणालात."

"पहिला ठोका माझा नाही, पोरी. रागावायचं ते वर जाऊन रागव. आधी माणसं मोज."

तिनं मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला आणि पुढच्या क्षणी ती पळत सुटली. मागोमाग मामा, मामांमागे दोघी बहिणी, आणि एकटं राहायची कुणाचीच तयारी नसल्यामुळे उरलेली वरातही. खिटी गंजून घट्ट बसली होती. मामांनी दाराला खालून खांदा लावला, भाचीनं खिटी उचलली, आणि साहेब बाहेर आले. नव्या बुटांवर धूळ, टाय खांद्यावर, हातात कमरेचा काढलेला पट्टा. पट्ट्याच्या पितळी बक्कलनं ते पाइप वाजवत होते. एका हातानं त्यांनी पँट धरली होती.

साहेबांनी आधी पट्टा बांधला. मग चष्मा पुसला. मग फार शांतपणे विचारलं की हे दोन ठोके कुणी दिले.

अंधारातल्या त्या थोरल्या भुतावर ढकलायला किती सोपं होतं, सांगा. सहा साक्षीदार तयार होते, त्यातल्या दोघी तर शपथेवर. मामांनी तोंड उघडलंही, काहीतरी रचून सांगायला. पण भाची त्यांच्या पुढं येऊन उभी राहिली.

"हे माझे मामा," ती म्हणाली. "तीन वर्षं हे इथं लपून ठोकत होते आणि मी लोकांना भूत सांगत होते. आज मी ठोकू नका म्हटलं होतं. तुमचे ठोके ऐकले तेव्हा मला वाटलं हेच आहेत, म्हणून मी वरून मोठ्यानं बोलत राहिले. माणसं मोजायची विसरले, ती माझी चूक. ठोका ऐकूनही तो बुडवायला बघितलं, ती त्याहून मोठी."

साहेबांनी मामांकडे बघितलं आणि विचारलं की तुम्हाला मनाई होती, मग उत्तर का दिलं?

मामा म्हणाले की ठोका ऐकला की परत द्यायचा असतो. न देणाऱ्याला इथं कुणी डबा खाताना शेजारी बसू देत नसे.

साहेबांनी बुटांवरची धूळ झटकली. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणून म्हणाले, "पहिले ठोके मी घाबरून दिले. शेवटचे चार उगीचच दिले. उत्तर येत होतं म्हणून."

थोरल्या बाईंनी मग विचारलंच. त्या म्हणाल्या, काय हो साहेब, वर ते कानातलं यंत्र आणायचं म्हणतात, त्यानं येऊन हे दार उघडलं असतं का? साहेबांनी थर्मासकडे बोट केलं. त्यांना जेवणाच्या आधी चहा हवा होता. थर्मासमध्ये अर्धा कप उरला होता, तो मामांनी दिला. साहेबांचीही जीभ भाजली.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. व्यवस्थापकबाईंनी तो उभ्यानं वाचला आणि मग बसून वाचला. गाइडनं माणसं मोजण्यात कसूर केली, तिला ताकीद द्यावी आणि महिनाभर तिच्या मोजणीवर लक्ष ठेवावं. कोठडीची खिटी काढून टाकावी. भुताची गोष्ट बंद ती बंदच. बोलणाऱ्या यंत्राचा विचार सोडावा, कारण त्याला ऐकू येत नाही. आणि बोगद्याच्या टोकाशी एक जाणता माणूस बसवावा, जो ठोक्याला उत्तर देईल; असा एक माणूस तिथं आधीच बसलेला आढळला. कोठडीत कोण अडकलं होतं, याबद्दल एवढंच लिहिलं होतं की 'एक अभ्यागत'. दोघी बहिणींना हे कळलं तेव्हा धाकटी पहिल्यांदाच थोरलीच्या बाजूनं हसली.

मामांना टोपी मिळाली, खुर्ची मिळाली आणि व्यवस्थापकबाईंच्या सहीचा कागद मिळाला की यांनी स्वतःहून ठोकू नये. मामांनी तो मामींना वाचून दाखवला. मामी म्हणाल्या, अशी एक प्रत घरासाठीही मागून घ्या.

मामा तो नियम तंतोतंत पाळतात. स्वतःहून पाना उचलत नाहीत. भाचीही खोटं एक अक्षर बोलत नाही. माणसं मोजते, दिवे मालवते आणि सांगते की ठोका ऐकला की ठोका द्यायचा, असा इथला जुना कायदा होता. कुणाला पाइप वाजवून बघायचा असेल तर वाजवा. एवढंच. फळ्यांमागे खुर्ची आहे, खुर्चीवर मामा आहेत, हे तिला कुणी विचारत नाही आणि न विचारलेलं सांगायची सक्ती कुठल्याच कागदावर नाही. पूर्वी दहातले चार घाबरायचे, आता दहाच्या दहा घाबरतात, आणि तक्रार करायला जागा नाही, कारण सुरुवात त्यांनीच केलेली असते.

तेव्हा कधी त्या खाणीत उतरलात, तर पाइप सावकाश वाजवा आणि घाईनं पुढं जाऊ नका. मामांचे गुडघे आता दुखतात, पाना उचलायला थोडा वेळ लागतो. ते दोन ठोके परत येईपर्यंत अंधारात थांबा, आणि वर उजेडात आल्यावर त्या म्हाताऱ्याची आठवण असू द्या.